टीका झाली, संकट आले: विश्वासाने तग धरताना आधी काय, नंतर काय

गेली बारा वर्षे मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरभेटी करते. कोणाकडे आजारपण असते, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाबद्दल मंडळीतच काहीबाही बोलले गेलेले असते. जायचे, बसायचे, ऐकायचे, शेवटी प्रार्थना करायची. या घरांतून एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. माणसांचा विश्वास कमी पडत नाही, क्रम चुकतो. घाव बसला की कोणी त्याच रात्री लांबलचक उत्तर लिहून पाठवतो. कोणी त्याच रात्री ‘मी क्षमा केली, विषय संपला’ असे जाहीर करतो. महिन्याभराने दोघांकडे जावे तर चित्र सारखेच: झोप नाही, उपासनेला जाणे बंद, आणि त्या माणसाचे नाव निघाले की आवाज चढतो.

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. देव संकट का येऊ देतो, या प्रश्नाला इथे हात घालत नाही. घाव बसला आहे, उद्या सकाळी उठायचे आहे, तर कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची, एवढेच सांगते.

## तयारी: बरे दिवस असतानाच

संकटात माणसाला बायबल उघडून नेमके काय वाचावे हे सुचत नाही. बोट पडेल ते पान काढून ‘देवाने हेच दाखवले’ म्हणण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडा. त्याऐवजी एका चिठ्ठीवर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांची पुढची यादी लिहा आणि बायबलच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा:

- वाट पाहून जीव थकला असेल तर स्तोत्र १३
- देवाने सोडून दिले असे वाटत असेल तर २२
- कारण सांगता येत नाही, पण मन खिन्न आहे, तर ४२ आणि ४३ एका दमात
- जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५
- खोटा आळ आला असेल तर ३५
- चूक आपलीच असेल तर ५१
- वाईट वागणाऱ्यांचेच बरे चालले आहे असे दिसत असेल तर ७३
- कुठेच उजेड नसेल तर ८८

दुसरी तयारी म्हणजे एक साधी शंभर पानी वही, याच कामासाठी राखलेली. मोबाइलमधले नोट्स नकोत. ज्या मोबाइलवर टीका आली त्याच मोबाइलवर प्रार्थना लिहायला बसलात तर पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा तो मेसेज वाचत असता.

तिसरी तयारी माणसाची. आपल्यावर वेळ आली तर पहिला फोन कोणाला करायचा, हे आज ठरवा आणि त्या व्यक्तीला तसे सांगूनही ठेवा. ती व्यक्ती गप्प बसू शकणारी हवी, गोष्ट पोटात ठेवणारी हवी, आणि तुम्हाला ‘तुझंच चुकलं’ असे तोंडावर म्हणू शकेल इतकी जवळची हवी. नवरा किंवा बायको बहुतेक वेळा या कामाला योग्य नसते. प्रेम कमी असते म्हणून नव्हे. तुमचा घाव त्यांनाही तितकाच लागलेला असतो.

तपासणी: चिठ्ठी, वही आणि एक नाव. या तीनपैकी काय तयार नाही?

## १. पहिले चोवीस तास: जेवण, झोप, आणि उत्तर नाही

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात संदेष्टा एलीया जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. त्यावर देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दाखवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर येतो, तोही होरेब डोंगरापर्यंतच्या चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

तुम्हीही याच क्रमाने जा. पहिल्या दिवशी मोठी प्रार्थना, उपास, रात्रभराचे जागरण यांतले काही करू नका. वरण-भात खा, अंघोळ करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. झोप लागली नाही तरी अंथरुणावर पडून राहा. प्रार्थना सुचत नसेल तर ‘प्रभू, मी थकले आहे’ एवढे एकच वाक्य म्हणा.

समोरचा उत्तराची वाट पाहत असेल तर एवढेच पाठवा: ‘तुमचा निरोप वाचला. नीट विचार करून रविवारनंतर बोलते.’ यात कबुली नाही आणि भांडणही नाही. मुख्य म्हणजे चार दिवस हातात येतात.

सावध: पहिल्या चोवीस तासांत स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नका. एकदा तो तिसऱ्या माणसाकडे गेला की पुढच्या पायऱ्या तुमच्या हातात राहत नाहीत.

सावध: एलीयासारखे ‘आता जगणे नको’ असे मनात येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी आत्ता जवळ बोलवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. तिथे फोन करणे म्हणजे विश्वास डळमळला असे नाही. एलीयाने मरण मागितले म्हणून देवाने त्याला टाकले नाही.

## २. पत्र परमेश्वरापुढे पसरा

अश्शूरच्या राजाने यहूदाचा राजा हिज्कीया याला धमकीचे पत्र पाठवले तेव्हा त्याने ते वाचले, मंदिरात गेला आणि ते परमेश्वरासमोर उघडून पसरले (२ राजे १९:१४). मग प्रार्थना केली. मला ही कृती फार महत्त्वाची वाटते. त्याने पत्राचा गोषवारा सांगितला नाही. पत्रच ठेवले.

दुसऱ्या दिवशी वही घ्या आणि जे बोलले गेले ते शब्दशः, स्वतःच्या हाताने उतरवा. तोंडी बोलणे असेल तर आठवते तितके लिहा, पण ‘म्हणजे त्याला म्हणायचं होतं की…’ असे एकही वाक्य घालू नका. संकट टीकेचे नसून आजाराचे किंवा पैशाचे असेल तर रिपोर्टमधली ओळ, थकलेल्या हप्त्यांचा आकडा, नोकरीवरून काढल्याच्या पत्रातले वाक्य लिहा. पान उघडे ठेवून त्यावर हात ठेवा आणि म्हणा, ‘प्रभू, हे वाच.’

एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावाचा हिशेब माझ्याकडे होता. सणानंतर दहा दिवसांनी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘लिलावाचे पैसे आले किती आणि दाखवले किती? बाईंना विचारायची सोय नाही. कमिटीत सगळे आपापलेच.’ रात्री साडेअकराला मी अकरा ओळींचे उत्तर टाइप केले. पाठवले नाही, कारण बोटे थरथरत होती आणि माझ्या मुलीने फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेसेज वहीत लिहिला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की तो फक्त तीन वाक्यांचा आहे. रात्रभर माझ्या डोक्यात तो पानभर झाला होता. ‘चोर’ हा शब्द मला ठळक आठवत होता, आणि तो त्यात कुठेच नव्हता.

तपासणी: वहीतल्या पानावर तुमचा अर्थ कुठे शिरला आहे का? शिरला असेल तर ते वाक्य खोडा.

## ३. विलाप: ही पायरी गाळू नका

सर्वांत जास्त चूक इथे होते, म्हणून इथे थोडे थांबते.

आपल्याकडे साक्ष देताना संकट एका वाक्यात उरकायचे आणि विजय दहा वाक्यांत सांगायचा, अशी रीत पडली आहे. त्यामुळे देवापुढे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे लोकांना वाटते. एका नर्स ताईंच्या घरी मी बसले होते. नवऱ्याचे डायलिसिस सुरू झाले होते आणि सासरचे म्हणत होते, ‘हिच्या ड्युट्यांमुळे त्याची आबाळ झाली.’ पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. त्यांनी बायबलवरून हात फिरवला आणि हळूच विचारले, ‘देवाला असं बोललेलं चालतं का हो, की तू कुठे होतास?’ मी स्तोत्र १३ काढून त्यांच्या हातात दिले. पहिल्या दोनच ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा आहे. त्यांनी तो मोठ्याने वाचला, आणि चौथ्या ‘कोठवर’ला त्यांचा आवाज फुटला. त्या दिवशी आम्ही पुढे वाचलेच नाही.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. क्रुसावर प्रभू येशूच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द म्हणजे २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. तेव्हा चालते का, या प्रश्नाचे उत्तर मिळून गेलेले आहे. कसे करायचे ते पाहू. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचे असल्यामुळे शिकायला सोपे.

पहिल्या दोन ओव्यांत हाक आणि तक्रार आहे. देवाला नावाने हाक मारा आणि जे झाले ते त्यालाच उद्देशून सांगा. ‘देव परीक्षा पाहतो’ हे वाक्य देवाबद्दल आहे, देवाशी नाही. ‘प्रभू, सहा महिने झाले, एकाही मुलाखतीचा फोन नाही, आणि तू गप्प आहेस’ हे देवाशी बोलणे झाले.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणे आहे. ते नेमके असू द्या. ‘सर्व काही चांगले कर’ असे मोघम नको. ‘या महिन्याचे घरभाडे भरता येऊ दे. भावाशी बोलताना माझा तोल जाऊ देऊ नकोस.’

पाचव्या-सहाव्या ओवीत सूर वळतो आणि भरवसा येतो. इथे घाई करू नका. सहा ओव्या लिहायला कवीला किती दिवस लागले हे कोणाला ठाऊक? तक्रारीतच आठवडा गेला तरी चालेल. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी वळण नाही, तरीही ते बायबलमध्ये आहे. मात्र त्या स्तोत्राचा कवी अंधारातही बोलतो देवाशीच. तेवढा धागा सोडू नका.

वेळ रोज ठरावीक ठेवा, दहा-पंधरा मिनिटे पुरेत, आणि किमान सात दिवस तेच स्तोत्र घ्या. रोज नवे घेऊ नका. मोठ्याने वाचा, मग स्वतःच्या शब्दांत चार ओळी वहीत लिहा. गाणाऱ्या घरांत ना. वा. टिळकांचे एखादे पद पेटीवर किंवा नुसत्या टाळीवर म्हणूनही सुरुवात करता येते. जिथे शब्द घशात अडकतात तिथे ओळखीची चाल मदतीला येते.

या पायरीवरच्या नेहमीच्या चुका:

तक्रार अर्धवट सोडून लगेच ‘तरी पण तुझी स्तुती असो’वर उडी मारणे. अशा वेळी स्तुती खरी असते, पण खाली घाव झाकलेला राहतो आणि आतून पिकतो.

राग आला की प्रार्थना थांबवणे. स्तोत्र १०९ वाचून पाहा. तिथे शत्रूबद्दल इतके जहाल शब्द आहेत की आपण ते उपासनेत सहसा वाचत नाही. ते सगळे देवाच्या कानावर घातलेले आहेत, शत्रूच्या अंगणात जाऊन ओरडलेले नाहीत. राग तिथेच ओतायचा.

प्रार्थनासभेत नाव न घेता त्या माणसावर प्रार्थना करणे. ‘प्रभू, आमच्यातल्या काही जणांची जीभ आवर’ असे म्हटले की सगळ्यांना कळते कोण ते. त्यात देवाचे फक्त नाव असते. बोलणे लोकांशीच चाललेले असते.

तपासणी: सात दिवसांत देवाला उद्देशून एक तरी वाक्य असे लिहिले का, जे चारचौघांत वाचायला तुम्हाला संकोच वाटेल? नसेल तर विलाप अजून सुरू झालेला नाही. आणखी तीन दिवस द्या.

## ४. छाननी: यातले खरे किती

आता दुसऱ्या पायरीतले पान पुन्हा उघडा. ही पायरी विलापाच्या आधी केली तर माणूस एक तर सगळेच नाकारतो किंवा सगळेच अंगाला लावून घेतो. मन जरा हलके झाले की दोन्ही टळते.

यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकातले ४, ५ आणि ६ हे अध्याय सलग वाचा. चौथ्या अध्यायात सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक थट्टा करतात: या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. नहेम्या त्यांना उत्तर देत नाही. देवाकडे प्रार्थना करतो आणि बांधकाम चालू ठेवतो. सहाव्या अध्यायात ते चार वेळा भेटीचे बोलावणे पाठवतात, पाचव्या वेळी खोट्या आरोपांचे उघडे पत्र येते. त्याचे उत्तर एका वाक्याचे: असे काही घडत नाही, हे तू मनचे रचतोस. मधला पाचवा अध्याय मात्र वेगळा आहे. तिथे गरीब बांधव ओरडा करतात की आमची शेते, मळे, घरे गहाण पडली, व्याजाने आम्ही बुडालो. नहेम्याला संताप येतो, तो मनाशी विचार करतो, आणि धनवंतांना जाब विचारताना हेही कबूल करतो की मी आणि माझे भाऊसुद्धा कर्जाऊ देत आहोत. व्याज बंद, शेते परत.

एकाच माणसावर, एकाच कामाच्या काळात तीन प्रकारचे बोलणे येते, आणि तो तिन्हींना वेगवेगळे वागवतो. ‘मी देवाचे काम करतो, म्हणून माझ्यावरची टीका सैतानाकडून’ असे म्हणणाऱ्यांनी हा पाचवा अध्याय गाळलेला असतो.

कृती अशी. पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा: वस्तुस्थिती, मत, आणि बोलण्याचा सूर. प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात टाका. माझ्या मेसेजचे असे झाले: ‘पैसे आले किती आणि दाखवले किती’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न. मी पावतीपुस्तक काढून बसले. लिलावाच्या गडबडीत तीन स्थळप्रतींवर रक्कम लिहायची राहून गेली होती. पेटीतले पैसे बरोबर होते, पण ते बरोबर आहेत हे दाखवायला कागद नव्हता. म्हणजे प्रश्न रास्त होता. ‘सगळे आपापलेच’ हे मत, त्याला पुरावा नाही. ‘विचारायची सोय नाही’ हे वाक्य कुठे टाकावे मला कळेना. ते मी पुढच्या पायरीसाठी ठेवले.

अडलेल्या वाक्याला हे प्रश्न लावा. बोलणाऱ्याला हे माहीत असण्याचा काही मार्ग होता का? याआधी दुसऱ्या कोणी, वेगळ्या प्रसंगी, हेच सांगितले आहे का? मी बदलले तर कोणाचे भले होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर ते वाक्य गंभीरपणे घ्या, बोलणारा कितीही कडू असला तरी. नीतिसूत्रे २७:६ सांगते की मित्राने केलेले घाव विश्वासाचे असतात. कधी कधी विरोधकाकडूनही खरे ऐकायला मिळते.

संकट टीकेचे नसेल तर रकाने दोनच करा: माझ्या हातातले, आणि माझ्या हातात नसलेले. औषधाच्या वेळा, बँकेला हप्त्यांची मुदत वाढवून मागणारा अर्ज, मुलांना खरे सांगणे हे पहिल्या रकान्यात. रोगाचा निकाल दुसऱ्यात.

सावध: ‘कोणत्या पापामुळे हे आले?’ असे कोणी विचारेल. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने त्याचे पाप नाही, आईबापांचेही नाही, असे स्पष्ट सांगितले (योहान ९:३). आजारी माणसाला हा प्रश्न विचारू नका आणि स्वतःलाही नका.

## ५. एक-दोन माणसांना बरोबर घ्या

पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तिघा शिष्यांना जवळ घेतले आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असे मागितले. बाराही जणांना नाही, आणि एकट्यानेही नाही. तोच आकडा धरा.

ठरवलेल्या व्यक्तीला भेटताना आधीच सांगा की काय हवे आहे: ‘आज फक्त ऐक’ किंवा ‘हे पान बघ आणि मी कुठे चुकते ते सांग.’ हे न सांगितल्यामुळे निम्म्या भेटी बिघडतात. तुम्हाला रडायचे असते आणि समोरचा उपाय काढत बसतो. मी माझे अडलेले वाक्य घेऊन आमच्या मंडळीतल्या एका वयस्क मावशींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पान वाचले आणि म्हणाल्या, ‘हो गं, तू तोडून बोलतेस. मीसुद्धा तुला विचारायच्या आधी दोनदा विचार करते.’ मूळ मेसेजपेक्षा हे जास्त लागले. पण त्यामुळेच ते वाक्य वस्तुस्थितीच्या रकान्यात गेले.

कॅथलिक वाचकांसाठी: पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट धर्मगुरूंना कोणालाही सांगता येत नाही. मंडळीतच चर्चा पसरली असेल तेव्हा बोलायला ही सर्वांत सुरक्षित जागा आहे.

तुम्ही भेटायला जाणारे असाल तर सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून पहिले सात दिवस शिका. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. पुढे बोलायला लागले आणि बिघडले. ‘देव सर्व गोष्टी मिळून भलेच करतो’ हे रोमकरांस पत्र ८:२८ खरे आहे, पण पहिल्या आठवड्यात ते दुखावलेल्या माणसाच्या अंगावर फेकू नका. ते त्याला पाठ असते.

## ६. उत्तर: चार वाटा, एक निवडा

आतापर्यंत दहा-बारा दिवस झालेले असतील. उशीर झाला असे वाटेल. तसे नसते.

टीका खरी असेल तर मान्य करा, थोडक्यात, आणि दुरुस्ती दाखवून. मी ग्रुपवर लिहिले: ‘तीन पावत्यांच्या स्थळप्रतींवर रक्कम लिहायची राहिली होती. ही माझी चूक. पूर्ण हिशेब सूचना फलकावर लावला आहे. यापुढे पैसे मोजताना दोन जणांच्या सह्या असतील.’ ‘पण’ हा शब्द कुठेही नाही. माफीत ‘पण’ आला की लोक पुढचेच वाक्य लक्षात ठेवतात.

टीका खोटी असेल आणि तिच्यामुळे इतरांचे नुकसान होत असेल तर नहेम्यासारखा एका वाक्याचा नकार, कागदासह. दुसरे स्पष्टीकरण नाही.

व्यक्ती ओळखीची आणि संबंध जपण्यासारखा असेल तर मत्तय १८:१५ चा क्रम: आधी एकट्याने, दोघांतच. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार. मंडळीपुढे त्यानंतरच. आपण बहुधा उलटे करतो: आधी ग्रुपवर, मग पाळकसाहेबांकडे, आणि त्या माणसाशी कधीच नाही.

बाकी सगळ्याला मौन. ‘मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही,’ हे नहेम्याने चार वेळा कळवले. दर वेळी नवे कारण शोधले नाही.

सावध: सहन करणे म्हणजे कायद्याचे दार बंद करणे नव्हे. महायाजकासमोर एका कामदाराने प्रभूला मारले तेव्हा प्रभूने विचारले, ‘बरे बोललो असेन तर मला का मारतोस?’ (योहान १८:२३). फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारून गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा प्रेषित पौलाने आपले रोमी नागरिकत्व सांगितले आणि अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर न्यायला लावले (प्रेषितांची कृत्ये १६:३७). घरात मारहाण होत असेल, मुलावर अत्याचार होत असेल, तर ‘दुसरा गाल’ सांगून कोणालाही परत पाठवू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. पाळकांनीसुद्धा हे क्रमांक सूचना फलकावर लावावेत, असे मी कळकळीने सांगते.

## ७. काम पुन्हा हातात घ्या, पण अर्धे

नहेम्याची निम्मी माणसे बांधत होती, निम्मी भाले धरून उभी होती. भिंत ५२ दिवसांत झाली. संकटात निम्मी शक्ती स्वतःला सांभाळण्यात जाणारच. म्हणून कामाचा बोजाही निम्मा करा. रविवारची शाळा, महिला मंडळ आणि गायनवृंद तिन्ही सांभाळत असाल तर एकच ठेवा, पण ते एक सोडू नका.

पंडिता रमाबाईंवर दोन्ही बाजूंनी टीका होत होती. ख्रिस्ती गुरुजन त्यांच्या प्रश्नांनी अस्वस्थ, आणि १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदन या त्यांच्या शाळेत मुलींना ख्रिस्ती केले जाते यावरून इतका गदारोळ झाला की अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उरलेल्या मुलींची शाळा त्यांनी चालू ठेवली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या तेव्हा त्यांना ठेवायला पुण्याजवळची केडगावची त्यांची जागा होती.

सावध: घाव बसल्यापासून चाळीस दिवस राजीनामा लिहू नका, मंडळी बदलू नका, घर विकायला काढू नका. निर्णय कदाचित बरोबरही असेल. चाळीस दिवसांनी तो तितकाच बरोबर राहील.

## ८. क्षमा, आणि जे संपत नाही त्याचे काय

क्षमा मी शेवटी ठेवली याचा काहींना राग येईल. क्षमेची इच्छा पहिल्या दिवसापासून असू द्या, तशी प्रार्थनाही करा. पण काय क्षमा करायचे आहे हे छाननीशिवाय कळत नाही. ते कळले की वहीतल्या त्या पानाखाली नेमके लिहा: ‘अमुक वाक्याबद्दल मी तुला देवाच्या स्वाधीन करते.’ हे एकदा करून भागत नाही. तो माणूस उपासनेत समोरच्या बाकावर दिसला की पुन्हा करावे लागते.

क्षमा केली म्हणजे लगेच भरवसा ठेवायचा, असेही नाही. योसेफाने, ज्यांनी त्याला विकले होते त्या भावांना धान्य दिले, त्यांचे पैसेही गुपचूप पोत्यांत परत ठेवले, पण ओळख देण्याआधी ते बदलले आहेत का हे पारखले. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आलेक्सांद्र तांबटाने आपले फार वाईट केले हे नाव घेऊन सांगतो, त्याच्यापासून सांभाळून राहा म्हणतो, आणि लगेच पुढे, आपल्याला सोडून गेलेल्यांवर त्याचा दोष येऊ नये अशी प्रार्थना करतो.

काही संकटे मात्र संपतच नाहीत. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले (२ करिंथकर १२:८-९). अशा दीर्घ आजारात, अपंग मुलाच्या सांभाळात, म्हाताऱ्या आईबापांच्या विस्मरणात या आठ पायऱ्या एकदाच चढून होत नाहीत. दर काही महिन्यांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते: जेवण, झोप, मग विलाप.

अशा घरांना माझे एक सांगणे असते. गरज नाव घेऊन मागा. तीमथ्याच्या त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल त्याला म्हणतो की त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढ्यावर थांबलात तर लोक आठवण ठेवतात आणि घरी जातात. वहीच्या शेवटच्या पानावर यादी करा: मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात दोन तास बसायला कोणीतरी, महिन्याचा गॅस सिलिंडर, मुलाच्या दहावीच्या गणिताला कोणीतरी, रविवारी चर्चला यायला रिक्षाचा एक फेरा. येत्या रविवारी उपासनेनंतर ते पान फाडून पाळकसाहेबांच्या किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरीच्या हातात द्या.